साडेतीन सूत

मशीन चुकत नाही, हे आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस मला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं सीएनसी मशीन आहे. फळी टेबलावर घट्ट बसवायची, संगणकातून रेघा पाठवायच्या, आणि गरगर फिरणारं पातं त्या रेघांवरून लाकूड कापत, कोरत जातं. त्या रेघा तयार करणं हे माझं काम. मशीन चुकत नाही हे खरंच आहे. मी फळीची जाडी अठराऐवजी एकवीस लिहिली, तर ते तेवढ्याच निष्ठेने फळीखालचं टेबलही कापतं. चुकायचं काम माझ्याकडे आहे.

गिऱ्हाईक फाइल आणत नाही, फोन आणतं. फोनमध्ये कोणाच्या तरी लग्नातला फोटो असतो, त्यात नवरा-नवरीच्या मागे एक दार असतं आणि त्या दारावर नक्षी असते. "ही माणसं काढा आणि दार ठेवा." मी म्हणते, नवरीच्या डोक्यामागे काय नक्षी आहे ते दिसत नाही. त्यावर उत्तर ठरलेलं, "मशीनला कळेल." एकाने मखरासाठी मोर आणला होता. तो मोर इतका लहान आणि अंधूक होता की मोठा केल्यावर कोंबडी निघाली. त्यालाही मशीनवर पूर्ण विश्वास होता. मग मी बसते, एकेक रेघ हाताने ओढते, उघडी राहिलेली टोकं जोडते, पात्याच्या जाडीइतकी जागा सोडते, आणि तीन दिवसांनी गिऱ्हाईक येऊन मशीनला हात लावून नमस्कार करतं. मला नाही, मशीनला.

आमचे मालक खाडीकाठच्या गावातले. दुबईत फर्निचरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काढून परत आले आणि हे मशीन घेतलं. त्यांचा माझ्या कामावर विश्वास आहे, म्हणजे ते स्क्रीनकडे कधी बघत नाहीत.

तर एका सकाळी शेडच्या दारात एक गाडी थांबली आणि तिच्यातून एका गावाची देवस्थान समिती उतरली. गाव आमच्यापासून तासाभरावर. सगळ्यांच्या पुढे अध्यक्ष. हे गृहस्थ मुंबईत आयुष्यभर कोणाच्या तरी हाताखाली काढून निवृत्त झाले आणि गावात येऊन एकदम अध्यक्ष झाले, तेव्हापासून गावाला उसंत नाही. सगळ्यांच्या मागे एक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. आमच्या शेडमध्ये बाहेरपेक्षा आत जास्त धूळ असते, पण ते अनवाणीच आत आले.

ग्रामदेवीची पालखी वाळवीने खाल्ली होती. शिमगा दीड महिन्यावर. नवी पालखी करायची, आणि ती गावातल्या सुताराच्या घराण्यानेच करायची असा मान. मागून आलेले गृहस्थ म्हणजे ते सुतार. जुनी पालखी त्यांच्या वडिलांनी केलेली.

"काका हाताने करायला बसले तर दोन शिमगे जातील," अध्यक्ष म्हणाले. "मशीन चार दिवसांत करेल. मशीन चुकत नाही. जोडायचा मान मात्र काकांचाच." अशी त्या मानाची वाटणी झाली. मालकांनी मान डोलावली. समितीने डोलावली. काकांना कोणी विचारलं नाही, तरी ते म्हणाले, "जोडतो."

दुसऱ्या दिवशी मी मोजमापाला देवळात गेले. पालखी सभामंडपात ठेवलेली, भोवती अर्धं गाव. मी डिजिटल कॅलिपर आणि टेप काढला तेव्हा लोक एवढे गप्प झाले की मलाच आपण कोणी तरी मोठं असल्यासारखं वाटायला लागलं. कबूल करते, मी जरा जास्तच वाकून वाकून मोजलं. उजवीकडचे दोन खांब मोजले, डावीकडचे मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हटलं, "डावी बाजू उजवीपेक्षा अकरा मिलिमीटर बुटकी आहे."

बास. गावाला काम मिळालं.

अध्यक्षांनी खुर्ची मागवली. ते म्हणाले, हे पूर्वजांचं सायन्स आहे, वजनाचा तोल साधलेला आहे. गुरवाचं म्हणणं पडलं की देवीचं मोठं रूप, म्हणजे मोठा मुखवटा, उजवीकडे बसतं, म्हणून. एकाने सांगितलं की देवळाचं अंगणच उजवीकडे उतरतं, म्हणून. मग ते अंगण सगळ्यांनी जाऊन बघितलं. ते डावीकडे उतरत होतं, तरी त्या माणसाचं मत बदललं नाही. वर्षानुवर्षं डावीकडून पालखी धरणारा एक जण पुढे येऊन म्हणाला की डावा खांदा नेहमी जास्त सोलून निघतो, आणि ही देवीची त्याच्यावरची खास माया आहे असं तो आजवर समजत होता. आता त्याला शास्त्रीय आधार मिळाला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. काय बारीक नजर, अध्यक्ष म्हणाले, इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. मी मान खाली घालून कॅलिपर पुसत राहिले, म्हणजे अजून थोडं कौतुक व्हावं.

काका मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. मी आकडा सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढला होता. तो त्यांनी परत घातलाच नाही.

मी मॉडेल तयार केलं. पालखीचा प्रत्येक तुकडा संगणकात, वेलबुट्टीसकट, आणि डाव्या बाजूचे अकरा मिलिमीटर लाल रंगात दाखवलेले. त्याची मोठी छपाई करून मी ती समितीला दिली. समितीने ती देवीपुढे ठेवून कौल लावला. मी तिथे हजर होते. गुरवाने देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की हे आई, लेकरांनी तुझी पालखी मशीनवर कापायची मनात धरली आहे, ती जुन्यापरमाणंच, सूतभर फरक नाय, तुझ्या मनाला येत असेल तर उजवा कौल दे. "व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. उजवी पाकळी पडली. माझ्या आयुष्यात गिऱ्हाइकाने पहिल्याच फेरीत मंजूर केलेली ही एकमेव फाइल. अध्यक्षांनी छापील कागदावर सही करून समितीचा शिक्का मारला आणि तो कागद देवळाच्या भिंतीवर लावला.

चारेक दिवसांनी दुपारी काका एकटेच शेडमध्ये आले. एसटीने येऊन, थांब्यापासून उन्हात चालत. मालक बाहेर गेले होते. मी फळ्यांवर तुकडे मांडत होते, म्हणजे स्क्रीनवर, लाकूड कमीत कमी वाया जाईल असे. त्यांना स्टूल दिलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

"बाय, ती डावी बाजू तेवडी वर घेशील काय?"

"किती वर?"

"उजवीएवडी. साडेतीन सूत."

माझे अकरा मिलिमीटर म्हणजे त्यांचे साडेतीन सूत. मी म्हटलं, "काका, सगळं गाव म्हणतंय ते मुद्दाम ठेवलंय."

"मुद्दाम नाय. सायन्स पण नाय. माझ्या बापसाची चूक हाय ती."

मग त्यांनी सांगितलं. ते लहान होते, तापाने पडलेले. बाप अंगणात पालखीचं काम करायचा आणि मधून मधून आत येऊन पोराच्या कपाळाला हात लावायचा. डाव्या खांबांवर दोन खुणा मारलेल्या होत्या. आत-बाहेर करण्याच्या नादात त्याने बाहेरची सोडून आतल्या खुणेवर करवत चालवली, आणि पहिल्या खांबाच्या मापाने दुसराही कापला. एका मानकऱ्याने दिलेलं एकच झाड, दुसरं लाकूड नव्हतं. शिमगा तोंडावर. बापाने तशीच जोडली. कोणाच्या काही ध्यानात आलं नाही.

"बापसाच्या मातर होतं," काका म्हणाले. "पालखी दारात आली की समदी देवीकडं बघत. बापूस डाव्या खांबाकडं बघी. मरंपर्यंत. मी त्याला बोललो होतो, नवी पालखी माझ्या हातची होईल तवा सरळ करीन. मी वाट बघत होतो. आता देवीची पालखी मोडूदे असा बोलायचा नसतो, पण वाट बघत होतो."

"मग समितीला सांगा ना."

"काय सांगू? बापसानं देवीची पालखी वाकडी केलान, आन आमी साठ वर्सां गप ऱ्हायलो?" त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "जोडताना मी केला तर अध्यक्ष विचारतील. ते कॅमेरा लावून बसणार हायेत. मशीनातून सरळ आला तर कोण विचारणार नाय. मशीन चुकत नाय."

"आणि कौल लावलाय त्याचं काय?"

"देवीला म्हायत हाय. ती त्या खांबांत साठ वर्सां बसलीय."

इथे मी काय करायला हवं होतं ते वाचणाऱ्याला कळलं असेल. मलाही कळलं होतं. मी म्हटलं, "काका, आता नाही होणार. फाइल लॉक झाली. एकदा मशीनमध्ये गेलं की बदलता येत नाही."

असं काही नसतं. फाइल माझ्यासमोर उघडी होती. मशीन तेव्हा बंद होतं आणि त्याच्यावर मालकांचा डबा ठेवलेला होता. पण भिंतीवर शिक्का मारलेला कागद होता, तुकडे बरेचसे मांडून झाले होते, अध्यक्ष रोज फोन करत होते, आणि एखाद्याने नंतर टेप लावून मोजलं असतं तर जबाब मला द्यावा लागला असता. ही कारणं खरी आहेत, पण ती दुसऱ्या नंबरची. पहिलं कारण असं की ते अकरा मिलिमीटर मी शोधले होते. देवळाच्या भिंतीवर लाल रंगात माझी बारीक नजर लटकत होती. ती पूर्वजांच्या विद्येवर पडलेली नजर होती तोवर छान होतं. एका घाबऱ्या बापाच्या चुकीवर पडलेली म्हटल्यावर तिच्यात माझं काय राहिलं? गिऱ्हाइकांना हसणारी मी, मला माझा शिक्का सोडवेना.

काकांनी संगणकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मशीनात गेला?"

"गेलं."

"मग ऱ्हावदे," ते म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी मला त्रास दिल्याबद्दल माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी पालखी कापली. सागाच्या फळ्यांवर पातं फिरलं, वेली उमटल्या, अध्यक्षांनी प्रत्येक वेलीचा व्हिडिओ काढून मुंबईकर मंडळींच्या ग्रुपवर टाकला. मशीनने डावे खांब अकरा मिलिमीटर आखूड कापले, अगदी अचूक. पहिल्या वेळी ती चूक करायला तापाचं पोर आणि दोन खुणा लागल्या होत्या. या वेळी मी ती पूर्ण शुद्धीत राहून केली.

जोडणी देवळात. तिथे माझी वेगळी फजिती झाली. गोल फिरणारं पातं खाचेचा आतला कोपरा काटकोनात कापू शकत नाही, तो गोलच राहतो. त्यासाठी रेघा काढतानाच कोपऱ्याला थोडी जास्तीची जागा द्यायची असते, हे मी नवशिक्यांना सांगत असते. मी ती दिलीच नव्हती. तुकडे बसेनात. काकांनी पटाशी काढली आणि एकेक कोपरा चौकोनी करत गेले. दीड दिवस. अध्यक्षांनी त्याचाही व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, परंपरा आणि तंत्रज्ञानाचा संगम. माझ्या चुकीला असं नाव मिळालेलं बघून मला बरं वाटलं, हे सांगायला आता लाज वाटते.

खांब बसवायची वेळ आली तेव्हा काकांनी एक डावा आणि एक उजवा खांब घेतला आणि जमिनीवर शेजारी शेजारी उभे केले. वरच्या टोकांवरून हात फिरवला. उजव्यावरून डाव्यावर येताना त्यांचा हात खाली उतरला. समोर अध्यक्षांनी फोन धरलेला होता. त्यांनी खांब उचलले आणि ज्याच्या त्याच्या जागी बसवले, बापाने बसवले होते तसेच. मी तेव्हा दोन हातांवर उभी होते. तरी बोलायचं धाडस झालं नाही.

शिमग्याला मालक आणि मी दोघंही बोलावलेले. ढोल थांबवून अध्यक्षांनी माइक घेतला. मशीनबद्दल बोलले, पूर्वजांबद्दल बोलले, अकरा मिलिमीटरवर तर असं बोलले की मला स्वतःला शंका आली, कदाचित खरंच तोल साधत असेल. मग त्यांनी काकांना पुढे बोलावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइक त्यांच्या तोंडाशी धरला. "यांच्या वडिलांनी हे अंतर त्या काळी हिशोबाने ठेवलं होतं. बरोबर ना काका?"

सगळं गाव बघत होतं. काकांनी पालखीकडे बघितलं. डाव्या खांबाकडे.

"व्हय," ते म्हणाले. "बापसाला म्हायत होता."

टाळ्या पडल्या. पालखी उठली, नाचली, आणि नेहमीप्रमाणे किंचित डावीकडे कलली. डावीकडच्या त्या माणसाने रात्री खांदा उघडा करून सगळ्यांना दाखवला. सोललेला होता. तो फार खूश होता.

व्हिडिओ लांबवर गेले. उन्हाळ्यात खेड तालुक्यातल्या एका गावाची समिती आमच्या शेडमध्ये आली. त्यांनाही पालखी करायची होती, आणि त्यातली डावी बाजू अकरा मिलिमीटर कमी हवी होती. मी विचारलं, तुमची जुनी पालखी अशी आहे का. नाही म्हणाले, आमची सरळ आहे, आमच्या लोकांना ही विद्या माहीत नसावी. जोडायला त्यांना तेच काका हवे होते, म्हणून ते त्यांना गाडीतून घेऊनच आले होते. काका ऐकत बसले होते. मी आकडा वहीत लिहून घेतला. दुसरं काय करणार होते?

समितीचे लोक मालकांबरोबर लाकूड बघायला मागच्या बाजूला गेले. मी सगळ्यांसाठी चहा सांगितला. काका स्टुलावरच राहिले.

"बाय, आमच्या पालखीची ती फाइल हाय अजून?"

"आहे ना."

"तिच्यात ती बाजू सरळ करून दावशील? कापायची नाय. नुसती बघायची हाय."

मला फार हलकं वाटलं. इतके दिवस मनात जे टोचत होतं त्यावर काही तरी करता येण्यासारखं मिळालं. मी उत्साहाने फाइल उघडली. डाव्या खांबाच्या उंचीवर गेले, जुना आकडा पुसला, उजव्याचा आकडा लिहिला, बटण दाबलं. दोन्ही डावे खांब वर आले. वरची चौकट सरळ झाली, कठडा तिच्या मागोमाग जुळला, नक्षी आपोआप ताणून बसली. पालखी सरळ उभी राहिली. मी ती त्यांना सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवली, पुढून, मागून, डावीकडून.

काकांनी चष्मा पुसून घातला आणि स्क्रीनच्या जवळ वाकले. बोट न लावता डाव्या खांबाच्या टोकापासून उजव्याच्या टोकापर्यंत हवेत रेघ ओढली. ती कुठेच खाली उतरली नाही. चहा अजून आला नव्हता.

मग ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. खरोखर विचारत होते.

"एवडाच येळ लागतो?"

त्या दिवशी मला खोटं सुचलं नाही. मी हो म्हटलं.